सोपानरावांची वाटी

चाकणच्या रस्त्याला सोपानरावांचं मटण-भाकरीचं हॉटेल होतं. शेत कंपन्यांकडे गेलं, रस्त्यालगतचा तुकडा तेवढा राहिला. त्यावर पत्रे टाकून त्यांनी आणि अंबुबाईंनी चूल मांडली. अंबुबाईंचा झणझणीत लाल रस्सा कामगारांच्या जिभेवर बसला. कोणी तिखट बेतानं मागायचं, कोणी वरून तर्री ओतून घ्यायचं, पण मालकाएवढं कोणालाच झेपायचं नाही. सोपानराव भरली वाटी तोंडाला लावत आणि सरबत प्यावं तशी रिकामी करत.

मुलानं, अजिंक्यनं, त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो लाखो लोकांनी पाहिला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी पिंपळे गुरव, रहाटणीहून गाड्या यायला लागल्या. सोपानरावांना मधल्या टेबलावर बसवायचं, भोवती मोबाइल धरलेल्या माणसांचं कडं पडायचं आणि त्यांनी वाटी संपवायची.

मग पोटात आग पडायला लागली. राजगुरुनगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आत जखम आहे, तिखट बंद.

"अजिंक्याला सांगून टाकतो," सोपानराव म्हणाले.

"आन् येणाऱ्या लोकांचं काय? पोरानं एवढं उभं केलंय," अंबुबाई म्हणाल्या. "थांबा, मी बघते काय करायचं त्ये."

त्या रविवारी वाटीतला रस्सा लालभडक होता, पण जिभेला चटका नव्हता. नुसता ब्याडगी मिरचीचा रंग, भाजलेलं खोबरं आणि मीठ. सोपानरावांनी तो संपवला, मग आठवून कपाळ पुसलं, नाक ओढलं. टाळ्या पडल्या. नंतर त्यांना घास गेला नाही. जन्मभर ज्या गोष्टीची ऐट मिरवली, तिचंच सोंग आता आठवड्याला करायचं होतं. कडं इतकं दाट असायचं, की उठून बाहेर जायलाही जागा नसायची.

असे बरेच रविवार गेले. एके दिवशी कड्यातून धम्मपाल पुढं आला. नांदेडकडचा, कंपनीत वेल्डर, पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक.

"काका, आज मला तुमच्या वाटीतलं पाहिजे. एकच घोट."

"न्हाई रं, तुला सोसायचं न्हाई," सोपानराव घाईनं म्हणाले.

"देऊन टाका, अण्णा!" लोक ओरडले. धम्मपालनं वाटी उचलली आणि घोट घेतला.

त्याचे डोळे सोपानरावांच्या डोळ्यांवर थांबले. सोपानरावांच्या तळहाताला घाम सुटला. हा घाम मात्र खरा होता. एका क्षणात सगळं उघडं पडणार. आणि मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटलं, पडू दे बाबा, सुटेन तरी.

धम्मपाल एकदम ठसकला. "पाणी! अगं आई गं, पाणी द्या राव! माणूस हाय का भट्टी!"

हॉटेल दणाणून गेलं. लोकांनी सोपानरावांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

हात धुवायच्या नळापाशी धम्मपाल हळूच म्हणाला, "माझ्या बापालाबी पोटाचंच होतं, काका. मी काही बोलणार नाही बघा. पण तुम्ही किती दिस असं करणार?"

सोपानराव तडक गल्ल्यावर अजिंक्यकडे गेले. "मला तिखट बंद हाय. माझ्या वाटीत नुसता रंग असतो. आता लोकांना सांगून टाकू."

अजिंक्यनं मोबाइलवरून मान वर केली. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "मला माहितीय, अण्णा. आईला ब्याडगी मीच आणून देतो. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून तर सगळं चाललंय."

सोपानरावांनी चुलीकडे पाहिलं. अंबुबाई पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले, पण त्या वळल्या नाहीत.

"आजचा व्हिडिओ तर कसला भारी आलाय," अजिंक्य सांगत होता. "पुढच्या रविवारी कोल्हापूरचे एक पैलवान येतायत. म्हणाले, अण्णांसमोर बसून वाटीला वाटी लावणार. दोघांना एकाच पातेल्यातून वाढायचं, अशी त्यांची अट आहे. मी हो म्हणून बसलोय. एवढा एक रविवार काढा, अण्णा. मग बघू."

सोपानरावांना पुष्कळ बोलायचं होतं. पण दारातून कोणीतरी हाक मारली, "अण्णा, लेकरांसंगं एक फोटो!" त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि ते माणसांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.