पदराच्या चार घड्या

आमच्या घरात पाणी गाळल्याबिगर कुणी पीत न्हाई. माय गाळायची, मी गाळते. त्यात माझ्या भावाची, आनंदराजची पोरगी प्रियदर्शनी गोदावरीच्या पाण्याच्या बारा काचेच्या बाटल्या आणून माझ्याच स्वयंपाकघरात ठेवते, नि बुडाला ह्यो गाळ! माझा हात शिवशिवणार न्हाई तर काय?

पोरगी शिरूर अनंतपाळहून नांदेडला शिकायला आलेली, माझ्याकडंच राहते. लई जीव हाय माझा तिच्यावर. नदीच्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण किती ते मोजायचं तिचं काम. शुक्रवारी कॉलेजात दाखवायचं, न्हाई तर वर्ष वाया. एवढं मला ठाऊक होतं. पण जे डोळ्याला दिसत न्हाई तेच ती मोजून राहिली, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं.

मंगळवारी ती आंघोळीला गेली, तवा मी अंगावरच्या गुलाबी नायलॉन साडीच्या पदराच्या चार घड्या केल्या नि बाराच्या बारा बाटल्या गाळल्या. बाटल्या घासून पाणी परत भरलं. म्हणलं, पोरगी खूश होईल.

ती आली, बाटल्या बघितल्या नि खालीच बसली. ओरडली असती तर मीही ओरडले असते, माझं तोंड काही कमी न्हाई. पण ती एकेक बाटली उजेडाला धरून बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी ती मला कॉलेजात घेऊन गेली नि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. आत मी गाळलेलं पाणी, नि त्यात गुलाबी दोरे, केसाहून बारीक. कुठला गं हा कचरा, मी विचारलं. तर म्हणाली, तुझ्या पदराचा. साडी धुतली की असेच तुकडे सुटतात, मोरीतून नाल्यात नि नाल्यातून गोदावरीत जातात. मी तावातावानं म्हणलं, एका बाईच्या साडीनं नदी नासते व्हय?

बुधवारी पुन्हा पाणी आणायला मीही निघाले. नायलॉन न्हाई चालायचं, सुती पाहिजे, असं तिनं बजावलं होतं. माझ्याकडं सुती साडी एकच, पौर्णिमेला विहारात वंदनेला नेसायची पांढरी. तीच नेसले. ऑटोवाल्यानं विचारलं, मावशी, आज पौर्णिमा हाय का? म्हणलं, न्हाई बाबा, शिक्षा हाय. सहा बाटल्या शहराच्या वरच्या अंगाला, विष्णुपुरीला भरल्या, सहा शहराच्या खालच्या अंगाला. चिखलात माझे पाय रुतले, तर पोरगी माझा हात धरून गालातल्या गालात हसत होती. तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी संध्याकाळी तिचं काम पुरं झालं. तिनं मला बोलावून शेवटच्या बाटलीतलं दाखवलं. शहराखालचं पाणी, नि त्यात गुलाबी दोरा. भरताना माझ्या अंगावर तर पांढरं होतं.

"हा माझा न्हाई ना गं?" मी विचारलं.

"त्याच्यावर नाव नसतं, आत्या."

घरी आलो. सकाळी भिजवलेली गुलाबी साडी मोरीतल्या बादलीत तशीच होती. धुतली, पिळली, बाजूला ठेवली. पण बादली कलती करायला हात धजंना. अशी किती वर्षं ओतली असंल मी. तिथंच उभी राहिले नि डोळ्याला पाणी आलं.

प्रियानं दोरीवरची माझी पांढरी साडी काढली, पदराच्या चार घड्या केल्या नि मोरीच्या तोंडावर धरल्या.

"आता गाळ, आत्या," ती म्हणाली.