पाचच शेक

आमचे हे खानावळीत आचारी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात डोकावले, तीच खोड दवाखान्यातही. कुणाला किती शेक लिहून दिलेत, कुणाचे किती झाले, सगळ्या चौकशा. शेक म्हणजे रेडिएशन. तिथे सगळे तसंच म्हणतात. नाव शेक, पण ऊब कसली ती लागत नाही. कडक फळीवर आडवं करतात, पाठीवरच्या शाईच्या खुणा जुळवतात, "हलू नका" म्हणतात आणि सगळे बाहेर पळतात. जाड दाराआड माणूस एकटा. यंत्र जरा वेळ घुं घुं करतं, की उठवलंच.

"एवढंच होय?" पहिल्या दिवशी हे म्हणाले. "मी उगाच देव आठवले."

बाकीच्यांना तीस-पस्तीस शेक, यांना पाच. झालं, स्वारी हवेत! "माझा आजार हलका आहे गं. पाचांत काम फत्ते." मी मान डोलावली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की गाठ मणक्यांत उतरलीय, ती आता जायची नाही. हे पाच फक्त दुखणं कमी करायला. मी यांना सांगितलं नाही. माझा नवरा, माझं खोटं. कुणाच्या बापाचं काय जात होतं?

जात होतं, आमच्याच वेळेला शेकाला येणाऱ्या एका बसड्रायव्हरचं. आडदांड गडी, घशाला शेक चालू. रोज तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून त्याला फळीला जखडायचे. आम्ही जाऊ लागलो तेव्हा त्याचा तिसरा आठवडा; तोंड आतून सोलून निघालेलं, मान काळवंडलेली, पाण्याचा घोट गिळतानाही डोळ्यांत पाणी. डॉक्टर त्याला सांगत होते, सोसा, पुरे करा, गाठ जाईल.

यांच्या शेवटच्या शेकाच्या दिवशी, शेक आटोपून हे आत कपडे बदलत होते, तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"वहिनी, मी उद्यापासून येत नाही," घोगऱ्या आवाजात म्हणाला. "घरीही सांगून टाकलंय."

"का हो?"

"दादांची कंबर पाचांत मोकळी झाली. माझे अर्धे झाले की. हे लोक उगाच ओढत बसतात."

वाटलं, गप्प बसावं, तो आणि त्याची बायको बघून घेतील. पण फाटलेल्या ओठांनी तो हसत होता, सुटका झाल्यासारखा. मला रागच आला; त्याचा, यांचा, माझा.

"अक्कल गहाण टाकलीय का?" मी ओरडलेच. "हे बरे होणारच नाहीत, म्हणून यांना कमी. नुसतं दुखू नये म्हणून दिलेत. तुम्हाला बरं करायचंय, म्हणून जास्त. कळलं?"

ड्रायव्हर माझ्या मागे बघत होता. हे शर्टाची बटणं लावत उभे होते.

तेवढ्यात आतून ड्रायव्हरला हाक आली. तो जागचा हलेना. हे पुढे झाले आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.

"ऐकलंस ना ही काय म्हणाली? जा आत."

जाड दार बंद झालं. हे माझ्याशेजारी बसले. राहिलेलं बटण लावलं.

"उद्या त्याला यायचंय," म्हणाले.

"हो."

"मला नाही."