प्लायवूडचा संगमरवर

नणंदबाई मागच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलावरून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, अजून हेच का?"

बस्स, एवढंच. पण ते 'हेच' सुनेच्या जिव्हारी लागलं. टेबल साधं प्लायवूडचं होतं, वर पिवळट पडलेला सनमायका. नणंदबाईंनी मात्र नुकतंच नवं घर बांधलं होतं आणि उंबऱ्यापासून न्हाणीघरापर्यंत संगमरवर घातला होता. तो किती थंड असतो, किती जड असतो, हे त्या ऊठसूट सांगत.

सून दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या बनवायची. खोटा दात शेजारच्या खऱ्या दातात मिसळून जावा म्हणून त्याला मुद्दाम चहाची किंचित झाक द्यायची, एखादी बारीक चीर काढायची, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यामुळे नवरा कामासाठी फिरतीवर गेला आणि नणंदबाईंचा 'रविवारी येते गं' असा फोन आला, तेव्हा तिच्या डोक्यात किडा वळवळला.

"आई, या टेबलाचा संगमरवर करू या?"

सासूबाईंनी पेपरातून डोकं वर काढलं. "म्हणजे माझ्या लेकीला फसवायचं?"

"फसवायचं नाही हो. फक्त सांगायचं नाही."

"मग हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि हातातला पेपर त्यांनी टेबलाखाली अंथरूनही टाकला.

सनमायका पॉलिश पेपरने घासून खरबरीत केला, प्रायमर लावला, त्यावर पांढरा रंग चढवला. तो वाळल्यावर सुनेने राखाडी रंग पाण्यासारखा पातळ केला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा बोळा करून त्याचे ठसे उमटवले. पांढऱ्यावर धुरकट ढग उतरले. इथवर सगळं झकास होतं. घोडं अडलं ते संगमरवरातल्या शिरांपाशी. पहिली शीर काढली, ती वीज कोसळल्यासारखी दिसली. पुसली. पुन्हा काढल्या, तर टेबलावर रेल्वेचा नकाशा तयार झाला.

सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर पाय ठेवला आणि गाऊन गुडघ्यापर्यंत वर घेतला.

"या बघ शिरा. जन्मभर ओट्याशी उभं राहून कमावल्यात. एक तरी सरळ आहे का?"

सून वाकून पाहत राहिली. पिंढरीवरची निळी शीर जाड निघाली होती, पुढे बारीक झाली, मध्येच कातडीखाली बुडी मारून भलतीकडेच वर आली आणि तिथे तिला दोन फाटे फुटले. सुनेने बारीक ब्रश अगदी शेपटाशी, सैल धरला, म्हणजे तो आपोआप थरथरतो. एक डोळा पिंढरीवर, एक टेबलावर. रंग ओला असतानाच ती त्यावरून पावडर लावायचा कोरडा मऊ ब्रश हलकेच फिरवायची, की शीर दगडात मुरल्यासारखी दिसायची.

"हलू नका ना, आई."

"अगं, मुंग्या आल्या पायाला. दुसरा पाय घे, त्यावरच्या जास्त चांगल्या आहेत."

वर वॉर्निशचे हात दिले, मधूनमधून हलकेच घासलं, आणि रविवारपर्यंत टेबल असं चकाकू लागलं की त्यात पंखा दिसायचा. सासूबाई कौतुकाने हात फिरवायला गेल्या आणि थबकल्या.

"हे कोमट लागतंय गं. ती पहिल्यांदा हातच लावणार."

मग काय, फ्रिजमधला होता नव्हता तेवढा बर्फ बाहेर निघाला. सासूबाईंची गुडघे शेकायची रबरी पिशवी बर्फाने भरली, वाटाण्याची गोठलेली पाकिटं मांडली. बेल वाजली तशी सुनेने सगळं स्वयंपाकघरात पळवलं आणि सासूबाईंनी आपल्या ओढणीनेच ओल पुसून काढली.

नणंदबाई आत आल्या, टेबल पाहिलं आणि चपला काढायच्या विसरल्या. पुढे होऊन त्यांनी तळहात टेकवला.

"अगंबाई! गारेगार आहे!"

"दगडच तो," सासूबाई म्हणाल्या.

"आणि या शिरा बघ. किती नैसर्गिक!"

"नैसर्गिकच आहेत."

सुनेला जोराचा खोकला आला. पण सासूबाईंना आता चेव चढला होता. "जड म्हणजे किती जड! जिन्यावरून आणताना चार माणसं लागली. एकाची तर पाठ धरली बिचाऱ्याची."

"वजन असतंच गं त्याला," नणंदबाई जाणकारासारख्या म्हणाल्या आणि खुर्चीवर जरा बेतानेच बसल्या.

तेवढ्यात दार उघडलं. नवरा फिरतीवरून परतला होता, एका हातात भली मोठी बॅग. "अरे वा, ताई! कधी आलीस?" म्हणत तो पुढे आला. बॅग न्यायला वाट नव्हती. त्याने मोकळ्या हाताने टेबलाचं एक टोक उचललं आणि टेबल सरळ बाजूला सरकवलं.

"अरे, पाठ!" नणंदबाई किंचाळल्या.

"पाठीला काय झालं?"

सासूबाई म्हणाल्या, "व्यायाम करतो हल्ली."

नणंदबाईंनी आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मग खाली वाकून टेबलाच्या पोटावर टकटक केलं. प्लायवूड प्रामाणिकपणे वाजलं. त्या उठल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता. आता तोफ सुटणार, अशा तयारीने सून उभी राहिली.

"कोणी केलं?"

"मी," सून म्हणाली. "आईंनी... मदत केली."

"माझ्या हॉलच्या मधोमध एक सिमेंटचा खांब आहे," नणंदबाई हळूच म्हणाल्या. "भुतासारखा उभा असतो. यांना म्हटलं, त्यालाही संगमरवर लावू, तर म्हणाले, आता पुरे. तो होईल?"

"होईल की."

"यांना मात्र कळता कामा नये."

नणंदेचे यजमान बाहेरगावी गेले तेव्हा तिघींनी हॉलचा ताबा घेतला. यावेळी खांब घासायला नणंदबाई, ठसे उमटवायला सासूबाई आणि शिरांना सून. यजमान परतले, खांबाभोवती प्रदक्षिणा घालून आले आणि बायकोने गुपचूप दगड बसवून घेतला, असं समजून आधी चिडले. मग हळूहळू खूश झाले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मित्रांना घरी बोलावलं. सून आणि सासूबाईही होत्या.

"वाजवून बघा," ते पाहुण्यांना सांगत होते. "भरीव आवाज येतो की नाही? असा माल हल्ली मिळत नाही." पाहुण्यांनी खांब वाजवला, माना डोलावल्या. एकाने तर गाल टेकवून पाहिला.

मग यजमानांची नजर खांबावरून खाली, खऱ्याखुऱ्या संगमरवरावर गेली. ते उकिडवे बसले. खांब पाहिला, फरशी पाहिली, पुन्हा खांब पाहिला. कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं ए," त्यांनी बायकोला हाक मारली, "खांबाशेजारी ही फरशी किती खोटी दिसते बघ! मला तेव्हाच संशय आला होता. त्या दुकानदाराने आपल्या गळ्यात नकली माल मारलाय. थांब, आत्ताच्या आत्ता फोन लावतो."

ते फोन शोधू लागले. फोन आधीच नणंदबाईंच्या मुठीत होता, आणि त्या वहिनीचा हात धरून, तोंडात पदराचा बोळा कोंबून, स्वयंपाकघराकडे पळत सुटल्या होत्या. सासूबाई त्यांच्याही आधी पोचल्या होत्या.