नाव भिंतीकडे

ठिक... ठिक... ठिक.

हा आवाज मी ऐकला त्याला पुष्कळ वर्षं झाली. वेंगुर्ल्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा एक म्हातारा बसायचा. त्याने मला दोन पायांत धरलं, छिन्नीचं टोक माझ्या अंगावर टेकवलं आणि लहानशा हातोडीने एकेक टिंब मारत गेला. दुखलं की नाही ते आता आठवत नाही. टिंबाला टिंब जोडून अक्षरं झाली. त्याने फुंकर मारली, धोतराच्या सोग्याने मला पुसलं आणि वाचून दाखवलं, "सौ. आनंदी."

मी एक फिरकीचा तांब्या. पितळेचा. माझ्या तोंडाला आटे आहेत, त्यांवर झाकण फिरवून बसवतात. घट्ट बसलं की मला आडवा टाकला तरी पाणी सांडत नाही. असे तांबे प्रवासासाठीच जन्माला येतात. शाळेचं म्हणाल तर माझ्या अंगावर जेवढी अक्षरं आहेत तेवढंच माझं शिक्षण. त्यामुळे सांगण्यात काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आनंदी आसोलीची. तिच्या लग्नात बापाने मला दिलं. सासरी मी तिच्यासोबत गेलो आणि वर्ष उलटायच्या आत तिच्यासोबतच परत आलो. तिचा नवरा तापाने गेला होता. तिच्या कपाळावरचं कुंकू एका बोटाने पुसलं गेलं. माझ्या अंगावरचं 'सौ.' मात्र कुणाला पुसता आलं नाही. पितळेवरचं नाव काढायचं तर पितळ खरवडावं लागतं. मग कुणीतरी मला फळीवर ठेवलं, नाव भिंतीकडे करून.

त्या घराच्या परसात सुरंगीचं झाड आहे. फाल्गुन लागला की फांद्यांना बारीक कळे चिकटून येतात. ते ऊन यायच्या आधी खुडावे लागतात, उन्हाने फुलले की त्यांचा वळेसर, म्हणजे गजरा, नीट होत नाही. आनंदी पहाटे कळे खुडायची आणि केळीच्या दोरात ओवायची. तिच्या हातचे वळेसर वेंगुर्ल्याच्या बाजारात सगळ्यांत आधी खपायचे. गावातल्या नवऱ्यामुली तेच माळून बोहल्यावर चढायच्या. तिच्या बोटांना दिवसभर सुरंगीचा वास असे. केसांना कधीच नाही. विधवेने फूल माळायचं नसतं, हे तिला कुणी रोज सांगत नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. तिला फूल हवं होतं, एवढंच. ती बोलायची नाही, पण वळेसर पूर्ण झाला की तो दोन्ही हातांत धरून थोडा वेळ बसायची. माझं तोंड भिंतीकडे, पण दोर ओढल्याची सरसर थांबलेली मला ऐकू यायची.

तिचा धाकटा भाऊ दत्ताराम रेल्वेत गार्ड होता, हुबळीला. बायको नर्मदा आणि दोन मुली आसोलीला. रेल्वे त्याला वर्षाला प्रवासाचा पास द्यायची. त्याने आधी नर्मदेलाच विचारलं होतं.

"माका गाडी लागता," नर्मदा म्हणाली. "आंबोलीच्या पयल्याच वळणार माझा पोट तोंडात येता. तुमच्या आक्काक व्हरा. ती बिचारी खंय गेली हा?"

असं मला फळीवरून उतरवून चिंचेने घासलं, आणि पंचावन्न सालच्या सुमाराला माझा प्रवास सुरू झाला.

पहिल्यांदा दत्तारामाने बहिणीला देवदर्शनाला नेलं. तिथे सवाष्णी एकमेकींना हळदीकुंकू लावत होत्या. आनंदी खांबाआड जाऊन उभी राहिली. दत्ताराम मला हातात धरून लांब उभा होता. त्याची पकड घट्ट झालेली मला कळली. परतीच्या वाटेवर बंगळूरला गाडीला वेळ होता, म्हणून तो तिला लालबागेत घेऊन गेला.

केवढी ती बाग! काचेचं एक अख्खं घर, आत नुसती झाडं. ताटव्यांवर ताटवे, वाऱ्याबरोबर रंग हलत होते. आनंदी वाटेच्या कडेकडेने चालत होती, आपला पदर फुलांना लागू नये म्हणून अंग चोरून. एका पाटीपाशी ती थांबली.

"दत्तू, ह्या पाटयेर काय लिवलेला आसा रे?"

"फुला तोडू नयेत."

"कोणी?"

"कोणीच."

"बायकांनी पण?"

"बायकांनी, पुरुषांनी, पोरांनी. सगळ्यांका मनाई."

"आणि राणी इली तर?"

"राणी इली तरी तिका तीच पाटी."

आनंदी जरा वेळ त्या पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मगे बरा आसा," आणि वाटेच्या मधोमध चालायला लागली. पदर आवळणं सोडून दिलं तिने. तिच्या पुढून, मागून नटलेल्या बायका जात होत्या, आणि त्या बागेतल्या फुलांशी सगळ्यांचं नातं सारखंच होतं. बघायचं आणि पुढे जायचं.

चाफ्याखाली एक फूल पडलं होतं. तिने माळ्याला खुणेने विचारलं. माळी हसला, मान हलवली. तिने ते उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि माझं झाकण काढून पाण्यात टाकलं. स्टेशनवर ते पाणी दोघं प्यायले. "वास येता रे," ती म्हणाली. पिताना तिचा अंगठा नेहमीसारखा माझ्या 'सौ.'वर होता. चारचौघांत पाणी प्यायची झाली की ती ती जागा अंगठ्याने झाकायची.

त्यानंतर दत्तारामाने देवळांचं नाव काढलं नाही. रजा मिळाली की तो कुठली ना कुठली बाग शोधून काढायचा. आनंदी प्रत्येक बागेतल्या माळ्याला एकच विचारायची, "सुरंगी आसा?" माळ्यांना तिची भाषा कळायची नाही. मग ती बोटांनी कळे दाखवायची, ओवून दाखवायची, हुंगून दाखवायची. आम्हाला सुरंगी काही कुठे भेटली नाही. "येवढे मोठे बागे," ती घरी येऊन झाडाला सांगायची, "आणि तुका कोण वळखणत नाय!" त्यात तिला दुःख कमी आणि मोठेपणाच जास्त वाटायचा.

कलकत्त्याचा वड मी विसरणार नाही. वड कसला, गावच ते. पारंब्या जमिनीत जाऊन त्यांचीच खोडं झालेली. आनंदी त्या खोडांमधून वाकून बघत राहिली.

"ह्येचा मूळ खोड खंय आसा?"

"ता कुजला म्हणान कापून काढला," दत्तारामाने विचारून येऊन सांगितलं. "खूप वर्सा झाली."

"आणि झाड जगला?"

"जगला म्हणजे काय? अजून वाढता हा."

तिने लुगड्याचा काठ सावरला आणि त्या झाडाला वळसा घालायला निघाली. दत्ताराम मला घेऊन मागोमाग. फेरा कसला तो, चालून चालून त्याला धाप लागली. निघालो होतो तिथे परत आलो तेव्हा ती म्हणाली, "इतक्या वर्सांनी वडाक फेरो मारलंय बग."

"एकच मार गो बाय," तो म्हणाला. "सात मारूचे झाले तर माझी रजा पुरूची नाय."

ती खळखळून हसली. तसं हसणं मी घरी कधी ऐकलं नव्हतं.

आणि मग उटी.

तिथे थंडी अशी, की माझं पाणी ओठांना लावलं की दात शिवशिवत. दत्तारामाने आपला गार्डाचा काळा कोट आनंदीला घातला. डोक्याला, कपाळाला, गळ्याला आपला मफलर गुंडाळला. स्वतः सदऱ्यावर कुडकुडत बसला. समोर हिरवळीचे उतार, त्यांवर फुलांची नक्षी. मी बाकावर दोघांच्या मध्ये.

एक ठसठशीत बाई बाकाशी आल्या. केसांत पिवळ्या शेवंतीचा गजरा.

"पाणी देता का हो थोडं? कुठनं आलायसा? आम्ही बेळगावचे."

आनंदीने मला पुढे केलं. कोटाच्या लांब बाहीत तिचे हात बुडाले होते. अंगठा बाहीतच राहिला. बाईंनी पाणी घेतलं, झाकण लावता लावता मला फिरवलं आणि वाचलं.

"सौ. आनंदी. छान नाव आहे हो!" मग दत्तारामाकडे वळून म्हणाल्या, "आणि यजमान बघा की! बायकोला कोट देऊन आपण काकडतायत. आमचे असते तर आमचीच शाल ओढून घेतली असती!"

दत्तारामाने तोंड उघडलं. ही माझी बहीण, एवढेच शब्द होते. ते मला त्याच्या ओठांवर दिसले. मग त्याने आनंदीकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि समोरच्या झाडांकडे बघत राहिला.

बाईंनी गजऱ्यातलं एक फूल सोडवलं. "घ्या. सवाष्णीनं फुलाला नाही म्हणू नये."

आनंदीचा हात बाहीतून बाहेर आला. तिने फूल घेतलं, मफलर मागून थोडा सैल केला आणि ते अंबाड्यात खोवलं. इतक्या वर्षांनी, पण हात चुकला नाही. बाई समाधानाने निघून गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर आनंदी म्हणाली, "दत्तू, तू बोलाक नाय?"

"काय बोलू?"

"बरा केलंस."

त्या दिवशी ती सगळी बाग फिरली, वरच्या तळ्यापर्यंत. फाटकाशी आल्यावर तिने फूल काढलं, माझ्यात ठेवलं आणि झाकण फिरवलं. इथे तिची चूक झाली. प्रवासाच्या धांदलीत ती ते फूल विसरली.

आसोलीला विहिरीवर नर्मदेने मला धुवायला घेतलं. फूल तिच्या तळहातावर पडलं. भिजून काळपटलेलं. देठाला एक लांब केस गुंडाळलेला होता, अर्धा पिकलेला. तिने तो बोटाने उलगडला आणि थेट आनंदीकडे आली.

"वन्सं, मी वायट बोलनय नाय. माका तुमचा दुख कळता. पण माझी दोन चेडवा लग्नाची आसत. कोणी बगल्यान तर? लोक काय म्हणतले?"

"माझा चुकला," आनंदी म्हणाली.

"चुकला म्हणा नकात. ता आयकाक माका बरा वाटणा नाय."

नर्मदेचे डोळे भरले होते. पण बागा संपल्या. दत्तारामाला सगळं कळलं, तोही गप्प बसला. पास पुढेही मिळत राहिले. त्यांवर तो मुलींसाठी स्थळं बघायला फिरला.

मी परत फळीवर गेलो. प्रवासासाठी जन्मलेल्याला भिंत म्हणजे काय, ते मी सांगू शकतो. तिच्यावरच्या पोपड्यांत मी बागा शोधायचो. हा ताटवा, ही पारंबी, हे उटीचं तळं. कल्हई गेली. आत एक कोळी राहायला आला, तोही कंटाळून गेला. खाली आनंदी दर फाल्गुनात वळेसर करायची. मला ती दिसत नव्हती. फक्त वास यायचा आणि तिचं कुणाशी बोलणं ऐकू यायचं नाही.

मुलींची लग्नं झाली. त्यांचे वळेसर आनंदीनेच केले. दत्ताराम पेन्शनीत निघून घरी आला. एकदा त्याने विचारलं, "आक्का, जावया गो खंय तरी?"

"आता माझे पाय चलनत नाय रे," ती म्हणाली. "तू आधी इचारूक होया होतास."

एवढाच तिने त्याला आयुष्यात दिलेला ठपका. यंदा तर ती अंथरुणालाच खिळली आहे. कळे झाडावरच फुलून खाली पडतात. परसात नुसत्या मधमाश्या.

माझी कुणाबद्दल तक्रार नाही. त्या घरात वाईट माणूस एकही नव्हतं. तरीही एक बाई आपल्या नावाकडे पाठ करून जगली. तुमच्याही फळीवर एखादं जुनं भांडं असेल, नाव भिंतीकडे केलेलं. जमलं तर ते एकदा आपल्याकडे वळवा. बस, म्हाताऱ्या तांब्याचं एवढंच मागणं.

आज सकाळी परसात फांद्या हलल्या. आनंदी आतून ओरडली, "कोण रे झाडार? ऊन इला, कळे फुलतले!"

थोड्या वेळाने दत्ताराम पडवीत येऊन बसला. सदऱ्याच्या ओच्यात कळे, निम्मे फुललेले. नर्मदेने केळीचा दोर भिजवून त्याच्यापुढे ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "फुला ती, रेल्वेची झेंडी न्हय."

मग तिनेच मला फळीवरून काढलं, चिंचेने घासलं आणि विहिरीचं ताजं पाणी भरून त्याच्या हातात दिलं.

दत्तारामाने मला आनंदीच्या उशाशी स्टुलावर ठेवलं. फिरवलं. नाव तिच्याकडे केलं. मग तो ओबडधोबड वळेसर, गाठी वर आलेला, मध्येच विरळ झालेला, माझ्या गळ्यात घातला.

आनंदीने हात लांबवून मला धरलं. अंगठा सवयीने 'सौ.'वर गेला. तिथे थांबला. मग उचलला, आणि एकेका टिंबावरून हळूहळू पुढे फिरत तिच्या नावाच्या शेवटापर्यंत गेला.

दत्ताराम दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. त्याचे ओठ हलले, उटीला हलले होते तसे. मग तो वळला, आणि परसाकडे निघून गेला.