मादाम आल्या, गप्प बसा

"मादाम आल्या, गप्प बसा!" रोजच्या गिऱ्हाइकांतल्या आंतीमने ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या कॅफेतला हशा फटकन बंद झाला.

आमच्या गावचा हा जुना खेळ. साध्या वाक्यातल्या दोन शब्दांमधल्या अक्षरांची मनातल्या मनात अदलाबदल केली, की ते इतकं चावट होतं की पाद्रीबुवांनी कानांवर हात ठेवावेत. नियम एकच, अर्थ फोडून सांगायचा नाही. ज्याला कळलं तो हसला.

मादाम सोलांज गावच्या नर्स. तरुणपणी लील शहरातून आल्या आणि इथल्या जखमा बांधता बांधता त्यांचे केस पांढरे झाले. पण नॉर्मंडीत ज्याच्या आज्याची कबर गावात नाही, तो बाहेरचाच.

त्या नेहमीसारख्या दारातच थांबल्या, दार अर्धवट उघडं धरून.

"निरोप घ्यायला आलेय, ऑर्तांस. नोकरी संपली. आता लीलला बहिणीकडे जाईन म्हणते."

"अहो, पण का?" मी विचारलं.

"मी आले की तुम्ही सगळे चिडीचूप होता. माझ्याबद्दलच बोलत असणार. म्हातारपणही असंच काढू?"

आंतीम टोपी चुरगाळत उठला. "तुमच्याबद्दल? देवाशपथ नाही! अहो, आम्ही घाणेरडे विनोद करत असतो. तुम्ही पडलात मादाम. तुमच्यासमोर कसं बोलणार?"

"आंतीम, तुझ्या ढुंगणावरचं गळू मी फोडलं. तेव्हा लाजलास?" त्या कडाडल्या. "माझा बाप खाणीत कामाला होता. हे खेळ तुम्ही मला शिकवणार?"

आणि त्यांनी अगदी शांतपणे पाद्रीबुवांच्या कोंबड्यांवर एक सोज्वळ वाक्य टाकलं.

आधी कोपऱ्यातला बेकरीवाला फिस्सकन हसला, मग आंतीमने टेबल बडवलं. मला मेलीला सगळ्यांत शेवटी कळलं आणि हातातला पेला पडता पडता वाचला. अशी बाई आम्ही इतकी वर्षं दारात उभी ठेवली होती.

डोळे पुसत आंतीम ओरडला, "ए लीलवाले, दार लाव की! गार वारा येतोय."

गावात त्यांना आजवर कुणी अगं-तुगं केलं नव्हतं. मी मादामकडे पाहिलं.

"लावते रे, बोंबलू नकोस," मादाम म्हणाल्या. त्यांनी दार लावून घेतलं, कोट काढला आणि आतल्या खुंटीला अडकवला.