वाजवून ठेवलेलं

"मेलंय हे," आमचे हे म्हणाले आणि दोन्ही हात पट्ट्यांवर असे आपटले की टेबल हललं. आवाज आला तो फक्त टेबलाचा.

नाचाच्या शाळेतली सकाळ होती. हे चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला मी आले आणि तमाशा बघायला थांबले. भिंतभर आरसे, आरशांसमोर मुलींना धरायला लोखंडी दांडा, खाली लाकडी जमीन. ज्या कोपऱ्यात ह्यांनी जन्मभर मुलींच्या नाचासाठी पियानो वाजवला तिथे आता एक घडीचं टेबल, आणि त्यावर कॉम्प्युटरशेजारी हे काळं प्रकरण. पट्ट्या पियानोसारख्या, पण वरच्या बाजूला गोल खुंट्या, सरकवायच्या कळा, चौकोनी रबरी बटणं आणि डावीकडे दोन चाकं. पियानोला वाळवी लागली म्हणून बाईंनी तो मोडीत काढला होता. बाई म्हणजे शाळेच्या मालकीण. संगीतातलं त्यांना एवढंच कळतं की ते सुरू झालं की मुली हलतात.

ही नवी वस्तू आणायचा सल्ला आमच्या जावयाचा, आणि ती जोडून द्यायलाही तोच आला होता. जावई रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला आहे आणि त्याला सगळं येतं. सगळं येणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हा मला नेहमीच प्रश्न पडतो.

"बाबा, ह्याला स्वतःचा आवाज नसतोच," तो म्हणाला. "हा फक्त कॉम्प्युटरला कळवतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. आवाज कॉम्प्युटर काढतो."

"म्हणजे राबायचं मी आणि वाजणार तो?"

"तसंच समजा."

"आमच्या घरात हेच चालतं," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

जावयाने यंत्र उलटं फिरवलं आणि कपाळाला हात लावला. मागे गोल भोक एकच दिसलं म्हणून ह्यांनी स्पीकरची वायर त्यात खुपसून ठेवली होती. ते भोक पायाच्या पेडलचं. त्याने स्पीकर कॉम्प्युटरला जोडला, पेडल त्याच्या जागी लावलं आणि मग यंत्रातून कॉम्प्युटरकडे जाणारी यूएसबीची वायर लावली. ह्यांनी एक पट्टी दाबली. खराखुरा पियानो वाजला. हे एवढे दचकले की मला हसू आवरेना.

पुढे दोन-तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आवाज वाढवायचा म्हणून ह्यांनी डावीकडचं चाक फिरवलं, तर सूरच घसरला. कुठलंसं बटण चुकून दाबलं गेलं आणि सगळी गत एकदम खालच्या पट्टीत घुरघुरायला लागली. दोष अर्थात यंत्राचा. ह्यांच्या हातून आयुष्यात कधी काही चुकलेलं नाही. आमच्या घरातलं सगळं माझ्याच हातून चुकतं.

पण खरं दुखणं होतं पेडलचं. पेडल दाबलं की सूर लांबायचा, सोडलं की थांबायचा, एवढं मलाही ठाऊक आहे. इथे उलटं व्हायचं. हे पाय उचलायचे तेव्हा सगळे सूर एकमेकांत मिसळून गोंगाट व्हायचा, आणि दाबायचे तेव्हा गत तुटक तुटक पडायची. मुली दांड्याला धरून खिदळायच्या. पालकांपुढचा कार्यक्रम जवळ आला होता. बाई एक दिवस मधाळ आवाजात म्हणाल्या, "सर, आता पायांनाही विश्रांती हवीच ना? जमत नसेल तर मी आपली कुठली तरी रेकॉर्ड लावीन."

त्या रात्री हे जेवले नाहीत. ह्या माणसाला नाचाच्या शाळेपलीकडे काही नाही. मित्र नाहीत, वाचन नाही, बाजारात पाठवलं तर सडकी भाजी आणतात. हे घरी बसले तर त्यांचं काय होईल, ही काळजी मी करत नव्हते. माझं काय होईल, ही करत होते.

शेवटी जावयालाच सापडलं. फोनवर काहीतरी वाचत त्याने विचारलं, "बाबा, मी वायर लावतो तेव्हा तुमचा पाय कुठं असतो?"

"कुठं म्हणजे? पेडलवर. बसलो की माझा पाय पेडलवर जातो."

"मग तिथंच घोळ आहे! वायर लावली की हा चालू होतो, तेव्हा पेडलकडे बघतो आणि ते जसं असेल तसं सोडलेलं समजतो. तुम्ही दाबून बसता, म्हणून पुढं सगळं उलटं."

ह्यांना पाय बाजूला घ्यायला लावून जावयाने वायर काढली आणि परत लावली. पेडल सरळ चालायला लागलं. इतकी वर्षं मिरवलेली सवय, आणि एवढ्याशा डब्याने ती गुन्हा ठरवली. ह्यांचे कान लाल झाले. "साधा पाय ओळखता येत नाही, आणि म्हणे कॉम्प्युटर," असं पुटपुटत ते वाजवायला लागले. जावई विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

पण त्या दिवसापासून ह्यांचं आणि यंत्राचं जमलं. इतकं जमलं की जावई म्हणाला, "बाबा, एकदा सगळ्या गती वाजवून ठेवा. कॉम्प्युटर तुमचं बोट न् बोट लक्षात ठेवील. कधी आजारी पडलात तर असाव्यात."

हे हरखले. त्यांचं वाजवणं जपून ठेवावं असं आजवर कोणाला वाटलं नव्हतं.

"सगळं वाजवून दिलंत, तर उद्या तुमची गरज काय?" मी घरी विचारलं.

"तुला संगीतातलं काय कळतं?"

काही कळत नाही. संसारातलं कळतं. ह्यांनी उत्साहाने सगळं वाजवलं, अगदी लहान मुलींच्या उड्यांपासून मोठ्यांच्या गिरक्यांपर्यंत. मग जावयाने पडद्यावर माउस फिरवून चुकलेले सूर उचलून जागेवर ठेवले, मागेपुढे झालेले ठोके एका रेषेत आणले आणि बाईंसाठी लय हवी तशी हळू आणि जलद करून दाखवली. बाईंनी टाळ्याच वाजवल्या.

"छान झालंय," हे म्हणाले. आवाज पडलेला होता.

"तर मग सर, आता वाजवायची दगदग नको," बाई म्हणाल्या. "कार्यक्रमात तुम्ही फक्त बटण दाबा. बाकीचं ते करील."

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता हा माणूस उठेल, चष्मा खिशात घालील आणि चालू पडेल, असं मला वाटलं. वाटलं कसलं, मनातून मी देव पाण्यात घातले.

"कुठलं बटण?" ह्यांनी विचारलं.

इतका लोचट माणूस आपल्या पदरात पडावा! घरी आल्यावर मी बोलले, पोटभर बोलले. हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "शर्टाला इस्त्री करून ठेव."

कार्यक्रमाला मी गेले ती ह्यांची फजिती डोळ्यांनी बघायला. हे इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. समोर यंत्र, बाजूला जावई. लहान मुली रांगेत आल्या, पालकांनी फोन वर केले आणि बाईंनी मान हलवली. ह्यांनी बोट रबरी बटणावर नेलं आणि ते तसंच अधांतरी धरलं.

"बाबा, दाबा ना," जावई कुजबुजला. बाईंनी पुन्हा मान हलवली, ह्या खेपेला दात आवळून.

ह्यांची नजर रांगेच्या टोकाला होती. तिथली सगळ्यांत छोटी मुलगी खाली बसून बुटाचा पट्टा लावत होती. पट्टा काही लागेना. लोक कुजबुजायला लागले. जावयाचा हात बटणाकडे आला, तो ह्यांनी न बघताच बाजूला केला. अखेर ती उठली, झगा सारखा केला आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी तिला मानेनं खूण केली आणि मग बटण दाबलं.

ह्यांची गत वाजायला लागली, बिनचूक, सरळ रेषेत. हे दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच मला भयंकर राग आला. ह्या माणसाला मी जन्मभर घालूनपाडून बोलत आले, आणि तिथे त्या सगळ्या शहाण्यांत मला तोच एकटा माझा वाटत होता.

नाच संपला. टाळ्यांचा कडकडाट झाला. हे सवयीने उठून उभे राहिले, आपल्याकडे कोणी बघत नाही असं दिसल्यावर पुन्हा बसले, आणि पुढच्या नाचाच्या मुली जागेवर यायची वाट बघू लागले.