अंगठा राहिला, साहेब

"किती?" क्रिसान्तोने ओठ न हलवता विचारले.

"सत्तेचाळीस," जोव्हेलिन म्हणाली आणि हातातली पत्रके उगाचच सारखी केली.

"काल एकतीस होते."

"हळू बोला, ताताय."

जहाजाच्या अकराव्या मजल्यावरच्या बुफेचे दार सात वाजता उघडे. त्याआधी ती तिथे दिवसभराच्या कार्यक्रमाची पत्रके ठेवायला येई. बाप-लेकीची भेट व्हायची ती तेवढीच, दोन-तीन मिनिटांची. जवळपास कोणी नसेल तरच ती त्याला ताताय म्हणे. एरवी तो छातीवरच्या पाटीवर होता तसा ‘क्रिसान्तो, फिलिपिन्स’ आणि ती ‘जोव्हेलिन, फिलिपिन्स’. पाटीवर आडनाव नसे. जहाजावर बाराशे नोकर, त्यांतले निम्मे त्यांच्याच देशाचे. कोण कोणाचे लागते, हे विचारायला कोणाला सवड होती?

ही कल्पना मुळात त्याचीच. चौदा महिन्यांपूर्वी ती याच जहाजावर रिसेप्शनला लागली तेव्हा तो म्हणाला होता, "कोणाला सांगू नकोस, इंदाय. तू जेवणार वरच्या मेसमध्ये, मी खाली. उगाच म्हणतील, बापानं चिकटवली. आणि माझ्या हातून काही चुकलं तर तुझ्या अंगावर नको." ती "बरं" म्हणाली होती. इतक्या चटकन म्हणाली होती की त्याने एकदा तिच्याकडे पाहिले होते, आणि मग कॉफीत साखर ढवळत बसला होता. साखर तो घेत नसे.

जहाजावर पोटाचा आजार पसरला होता. तीन दिवसांत उलट्या-जुलाबांनी माणसे भराभर आडवी होत होती. आकडा शंभरावर गेला की पुढच्या बंदराला कळवावे लागते, आणि मग बंदर जहाजाला आत घेईलच असे नाही. लिफ्टमध्ये कोणी खोकले तरी माणसे भिंतीला चिकटत. नोकरांपैकी कोणाचे पोट बिघडले तर त्याला खोलीत कोंडत आणि जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवत. कॅप्टनचा हुकूम निघाला होता, हात धुतल्याशिवाय कोणालाही बुफेत सोडायचे नाही. कोणालाही, म्हणजे नेहमी येणाऱ्या, सोनेरी कार्डवाल्या प्रवाशांनासुद्धा. तो हुकूम प्रत्यक्षात पाळून घ्यायचा होता तो दारावरच्या माणसाने, फवाऱ्याची बाटली हातात धरून, हसत हसत.

"छातीत दुखतंय का?" तिने विचारले.

"थोडं. डाव्या खांद्यात. बाटली दाबून दाबून."

"बाटली उजव्या हातात असते तुमच्या."

तो हसला. "रिसेप्शनवर बसून पोलीस झालीस की."

"डॉक्टरला दाखवा, ताताय."

"कराराचे सात आठवडे राहिलेत. डॉक्टर कागदावर एक शब्द लिहील, अयोग्य. मग कुठलंही जहाज मला घेणार नाही. घरी जातो, मग दाखवतो. नानायची, तुझ्या आईची शपथ घेतली आहेस तू, कोणाला सांगणार नाही म्हणून." मग तिचा चेहरा पाहून तो म्हणाला, "अगं, दारावर उभं राहायला काय लागतं? गाणं म्हणायचं. खाली गोदामात पोती उचलायला टाकलं असतं तर गोष्ट वेगळी."

त्या वेगळ्या गोष्टीची दोघांनाही भीती होती. त्याच्या नावावर दोन लेखी तक्रारी होत्या. पोहण्याच्या ओल्या कपड्यांत जेवायला आलेल्या एका बाईला त्याने परत पाठवले होते, आणि पिशवीत सँडविचे भरणाऱ्या एका गृहस्थाला अडवले होते. दोन्ही नियम कंपनीचे. पण तक्रार नियमाविरुद्ध होत नाही, नियम सांगणाऱ्याविरुद्ध होते. तिसरी आली की माणूस प्रवाशांच्या नजरेआड जातो, म्हणजे खाली, गोदामात.

सातला दार उघडले. ती जिन्याशी थांबली. तो रोजच्यासारखा सुरू झाला, "धुतले का हात, राजेसाहेब? धुतले का हात, राणीसाहेब?" चाल त्याचीच होती. गिमारास बेटावरच्या त्यांच्या घरी तो वर्षातून दोन महिने येई, आणि जेवणाआधी हातपंपापाशी हीच चाल गुणगुणत तिचे हात उलटसुलट करून पाही. "अंगठा राहिला, इंदाय. सगळे अंगठा विसरतात." बाकीच्या मुलींचे वडील घरी आले की खाऊ देतात, आपला बाप आल्या आल्या हात तपासतो, याचा तिला राग येई. पुढे कॉलेजात कोणीतरी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला होता. डोक्यावर कागदी मुकुट, हातात बाटली, आणि भोवती हसणारे गोरे लोक. तीही हसली होती, मैत्रिणींपेक्षा जरा मोठ्याने.

सव्वानऊला रिसेप्शनसमोर हॅलोरन नावाचे गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांनी सोनेरी कार्ड टेबलावर आपटले नाही, हळूच ठेवले. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"त्या माणसानं मला अडवलं."

"कोणी, साहेब?"

"बुफेच्या दारावरच्यानं. हात आडवा धरला. मी म्हटलं, मी खोलीतून धुऊन आलोय. तर गाणं म्हणायला लागला, माझ्या तोंडासमोर. माझी बायको हसली."

"कॅप्टनचा हुकूम आहे साहेब, आजारामुळं—"

"मला हुकूम नको सांगूस. ही माझी एक्केचाळिसावी सफर. तू शाळेत असशील तेव्हापासून मी या जहाजांवर येतोय."

तिचा बापही तेव्हापासूनच या जहाजांवर होता. ती म्हणाली, "हो, साहेब."

"लेखी घे. मला तक्रारीचा क्रमांक हवाय."

तेवढ्यात बुफेचा मुख्य ड्रागान खांबाजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या मागे क्रिसान्तो होता. माफी मागायला आणले होते त्याला, तशी रीतच होती. बाटली अजून त्याच्या हातातच होती. डाव्या हाताने त्याने तिला खालून आधार दिला होता, लहान मूल धरावे तसा.

"हाच," हॅलोरन म्हणाले. "तुझ्याच देशाचा दिसतोय. ओळखतेस का याला?"

जोव्हेलिन नेहमीच्याच मऊ, शिकवलेल्या सुरात म्हणाली, "नाही साहेब. आम्ही बाराशे आहोत. सगळे ओळखीचे नसतात."

क्रिसान्तो पुढे झाला. "माफ करा, राजेसाहेब. चूक झाली."

तिने तक्रार लिहिली. फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती, ‘कर्मचाऱ्याविषयी अधिक माहिती’. तिथे एक ओळ पुरली असती. याच्या छातीत दुखते, याला वजन उचलायला देऊ नका. तिने चौकट कोरी ठेवली आणि क्रमांक लिहून कागद हॅलोरनना दिला.

नोकरांच्या जिन्यात तो तिची वाट पाहत थांबला होता.

"बरोबर केलंस," तो म्हणाला. "चेहरा काय सरळ ठेवलास. मलाच खरं वाटलं."

"ताताय—"

"दोन नंबरचं गोदाम. बटाटे आहेत म्हणे. ड्रागान वाईट नाही गं, त्याचाही नाइलाज आहे."

"मी डॉक्टरला सांगते. आत्ताच."

"शपथ घेतलीस तू." मग त्याने मान तिरकी केली. वरून बुटांचा आवाज येत होता. तो एक पायरी खाली उतरला, अंतर ठेवले आणि मोठ्याने म्हणाला, "थँक यू, मॅम." आणि कठड्याला धरून खाली गेला.

दुपारी ती पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात गेली. बाहेर प्रवाशांची रांग होती, मांडीवर कागदी पिशव्या घेऊन बसलेली. तोंड झाकलेल्या नर्सने वर न पाहता विचारले, "उलटी की जुलाब?"

"दोन्ही नाही. एका माणसाबद्दल सांगायचं होतं."

"कोण माणूस? तुझा कोण तो?"

मागे रिसेप्शनवरचीच एक मुलगी पोट धरून उभी होती. जोव्हेलिन म्हणाली, "नंतर येते." शपथ मोडेल म्हणून आपण परतलो, असे तिने लिफ्टमध्ये स्वतःला सांगितले. ते खरे नव्हते. ती त्या प्रश्नाला भ्यायली होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास एक बाई विचारत होत्या, की कॅप्टनच्या मेजवानीला नवऱ्याने अर्धी चड्डी घातली तर चालेल का, गुडघ्याखालपर्यंत येते. जोव्हेलिन समजावत होती, पूर्ण पँट लागते, कोट नसला तरी चालेल, कॉलर हवी. तेवढ्यात भोंग्यातून शांत आवाज आला, "अल्फा, अल्फा, अल्फा. शून्य मजला, गोदाम दोन."

प्रवाशांना कळू नये म्हणून ठेवलेला तो शब्द. कोणाचा तरी जीव जातो आहे, डॉक्टरांनी धावावे. समोर मुले आइस्क्रीम खात होती. पियानोवाला थांबला नाही.

"आणि चपला?" बाईंनी विचारले.

"चपला नकोत, मॅडम," जोव्हेलिन म्हणाली. "बंद बूट लागतात." तिने ते वाक्य पूर्ण केले. पुढे कित्येकदा तिला त्याच वाक्याची आठवण येणार होती, की आपण ते पूर्ण केले, वर हसलोही. मग ती टेबलामागून निघाली. प्रवाशांसमोर धावायचे नाही हा नियम होता, म्हणून नोकरांच्या दारापर्यंत चालत गेली, आणि तिथून धावली.

शून्य मजल्यावर बटाट्यांची पोती एकावर एक रचलेली होती, शेवटचे अर्धे कलंडले होते. डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते, पण हात थांबवून. क्रिसान्तोचे बूट कोणीतरी काढून जोडीने बाजूला ठेवले होते. ती दारातच उभी राहिली. ती कोण म्हणून आली, हे तिला कोणी विचारले नाही. बघे बरेच होते.

जहाजावर अशांसाठी एक थंड खोली असते. पुढचे बंदर दोन दिवसांवर होते.

संध्याकाळी ड्रागानने तिला कचेरीत बोलावले. त्याच्यासमोर क्रिसान्तोचा नेमणुकीचा कागद होता. ‘सर्वांत जवळचे नातेवाईक’ या रकान्यात ठसठशीत, शाळकरी अक्षरांत लिहिले होते, जोव्हेलिन माग्बानुआ, मुलगी. आणि पत्ता, हेच जहाज, रिसेप्शन. खाली चौदा महिन्यांपूर्वीची तारीख होती. ती कामावर रुजू झाली तो दिवस.

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

"मला माहीत असतं तर..." ड्रागान म्हणाला. मग म्हणाला, "अशी मूग गिळून नको बसूस. शिव्या दे हवं तर."

"त्यांच्या छातीत दुखायचं. मला माहीत होतं."

ड्रागानने कागद फाइलमध्ये सरकवला आणि फाइल मिटली. "बंदर येईपर्यंत सुट्टी घे. झोप."

"झोपून काय करू? आजचा आकडा किती?"

"शहाऐंशी. दारावर माणूस नाही माझ्याकडं. दोघं आजारी पडलेत."

"मग मला उभं करा."

त्याने वाद घातला नाही. कपाटातून क्रिसान्तोची बाटली काढून दिली. बाटलीच्या मानेला जुन्या मोज्याची पट्टी गुंडाळली होती, बोट घसरू नये म्हणून. पट्टी अंगठ्याच्या जागी झिजून काळी झाली होती.

सकाळी सातला दार उघडले तेव्हा तिच्या तोंडून गाणे फुटले नाही. ती नुसतीच म्हणत राहिली, "हात, प्लीज. हात, प्लीज." प्रवासी तळवे पुढे करत होते. इतके तळवे तिने कधी पाहिले नव्हते. जाड, सुरकुतलेले, अंगठीत रुतलेले, भीतीने घामेजलेले. आठ वाजता हॅलोरन आले, दोन्ही हात खिशांत घालून. मागे त्यांची बायको होती.

"धुतलेत," ते म्हणाले.

"पुन्हा धुवा, साहेब."

"तू रिसेप्शनवरची ना?" ते तसेच पुढे निघाले.

तिने हात आडवा धरला. एक तक्रार, आणि रिसेप्शन गेले, हे तिला ठाऊक होते. तिने हात खाली घेतला नाही.

मागे रांग थांबली. "धुवा ना," बायको हळू आवाजात म्हणाली. "काय जातं त्यात?"

हॅलोरननी हात खिशांतून काढले. तिने फवारा मारला. त्यांनी तळव्यावर तळवा दोनदा घासला आणि पाऊल उचलले.

"अंगठा राहिला, साहेब."

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग एक अंगठा चोळला, मग दुसरा, सावकाश, नखाच्या कडेपर्यंत.

"तो कुठं गेला?" त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता, थोडी खट्टू झाल्याची छटा होती. "तो गाणारा म्हातारा. हलवलं वाटतं त्याला."

जोव्हेलिनने बाटली दोन्ही हातांत धरली.

"परवा तुम्ही विचारलंत, मी त्यांना ओळखते का," ती म्हणाली. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "ओळखते, साहेब. क्रिसान्तो माग्बानुआ. माझे वडील ते."